खेळयंत्राची किंमत आणि खेळयंत्राचे मोल

दिवाळी जवळ आली की आमच्या शाळेच्या पटांगणावर एक नवा अभ्यासविषय सुरू होतो. वेळापत्रकात त्यास जागा नाही, त्याची परीक्षा नाही, आणि तरीही त्यात मागे पडणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप आढळलेला नाही. टीव्हीला जोडावयाचे एखादे स्वस्त खेळयंत्र, मुले ज्यास कन्सोल म्हणतात ते, लवकरच बाजारात येणार अशी वार्ता कोणीतरी घेऊन येतो. मग त्याचा प्रोसेसर कोणता, रॅम किती, चित्र किती रेघांचे, हे आकडे मुलांच्या तोंडी असे काही घोळू लागतात की बीजगणिताच्या सूत्रांनी हेवा करावा. यंत्र मात्र कोणी पाहिलेले नसते. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण पूर्वजांनी जणू याच प्रसंगासाठी करून ठेवली आहे. भेद इतकाच की येथे भट-भटणीच्या जागी मुलगा व त्याचे वडील असतात, आणि भांडण लटके नसते.

ते लटके नसते याचे कारण पैसा हे आहे. आमच्या वाचकांतील पुष्कळ कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने या शहरी आली. कोणी लूमवर बारा तासांची पाळी करतो, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतो. घरी आई साडीवर खडे चिकटवते आणि नगावर पैसे घेते. कोसाडच्या आवासातील एका खोलीच्या घरात काही हजारांची वस्तू आणावयाची म्हणजे गावी जाण्याचे भाडे, बहिणीच्या लग्नाचे देणे किंवा शिकवणीची फी यांपैकी एकाच्या ताटातला घास काढावयाचा. यास्तव खेळयंत्रासारख्या विषयावर शाळेच्या वार्षिकात लिहिणे आम्हांस पोरकटपणाचे वाटत नाही. पोरकटपणा झालाच तर तो न तपासता विकत घेण्यात होईल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. खेळयंत्र म्हणजे मुलांचा नाश, असे म्हणणाऱ्यांच्या पक्षात आम्ही नाही. पत्त्यांविषयी, नाटकांविषयी आणि कादंबऱ्यांविषयीही एके काळी वडील मंडळी हेच म्हणत असत. कित्येक पालक यंत्र घेण्याची ऐपत नाही हे सांगण्याऐवजी 'त्याने डोळे बिघडतात' असे सांगून वेळ मारून नेतात. आमच्या मते मुलास ऐपतीचा हिशेब खुलेपणाने सांगणे अधिक बरे. दहावीतला मुलगा तो हिशेब समजू शकतो.

'घरी फोन आहेच, मग दुसरे यंत्र कशास?' असाही एक प्रश्न विचारला जातो, आणि तो वजनदार आहे. आजचा साधा फोनही गणनाशक्तीत कालच्या खेळयंत्रांस सहज मागे टाकतो. परंतु आमच्या घरांत फोन हा मुलांचा नसतो, वडिलांचा असतो, आणि रात्रपाळीला तो वडिलांबरोबर निघून जातो. टीव्ही मात्र घरीच राहतो. शिवाय फोनवर एकजण खेळतो व बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. टीव्हीसमोर चौघे बसू शकतात. खेळयंत्राच्या बाजूने बोलावयाचे तर खरा मुद्दा हाच आहे, आणि जाहिरातीत तो कोठेच नसतो.

जाहिरातीत असतात आकडे. तेव्हा आकड्यांचेच थोडे पाहू. जपानच्या निंतेंदो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे यंत्र १४,८०० येनला विक्रीस आणले. त्याची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती. १९८५ साली त्यावर आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ सुमारे ४० किलोबाइटांत मावला होता. लग्नाचा एखादा फोटो व्हॉट्सॲपवर येतो तोही त्याहून मोठा असतो. याच यंत्राच्या नकला पुढे आपल्या देशात गल्लोगल्ली पोहोचल्या, आणि आज चाळिशीला आलेल्या पालकांनी 'कॅसेट' फुंकून फुंकून त्या चालविल्या. त्यांना विचारा, त्या २ किलोबाइटांत काही उणे वाटले होते काय?

दुसरे उदाहरण त्याच कंपनीच्या 'गेम बॉय'चे. १९८९ साली तो आला तेव्हा त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. करड्या-हिरवट रंगाच्या केवळ चार छटा होत्या. गुनपेई योकोई हे त्याचे प्रमुख रचनाकार. सर्वांत नवा भाग शोधण्याऐवजी जुना, स्वस्त झालेला, पुरता पारखलेला भाग घ्यावा आणि त्याचा उपयोग नव्या कल्पनेने करावा, हे त्यांचे धोरण होते. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीच्या 'गेम गिअर'मध्ये रंगीत पडदा होता. पण सहा सेल घालूनही तो काही तासांत थकून जाई. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट अधिक चाले. गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत अवतार मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले. म्हणून एखादे यंत्र दुबळ्या प्रोसेसरचे आहे एवढ्यावरून त्यास नाक मुरडणाऱ्या मित्रांशी आम्ही सहमत नाही. स्वस्तपणा हा दोष नव्हे. तो कोणती वस्तू कापून साधला आहे, हे पाहिले पाहिजे.

या ठिकाणी एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच देशाला उद्देशून आखलेल्या यंत्राची आहे. २००९ साली 'झीबो' नावाचे खेळयंत्र ब्राझीलमध्ये विक्रीस आले. अमेरिकेतील क्वालकॉम आणि ब्राझीलची टेकटॉय या कंपन्या त्याच्या पाठीशी होत्या. ब्राझील, मेक्सिको, भारत, चीन अशा देशांतील मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस परवडेल असे यंत्र द्यावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. आत फोनमधलाच प्रोसेसर होता, ५२८ मेगाहर्ट्झचा, आणि खेळ साठवण्यास १ गिगाबाइट जागा. विशेष म्हणजे त्यात डिस्क नव्हती, कॅसेटही नव्हती. खेळ मोबाइलच्या जाळ्यातून थेट यंत्रात उतरावयाचा. नक्कल करणाऱ्यांच्या हाती काहीच लागू नये, ही त्यातील मेख. कल्पना हुशारीची होती हे मान्य केले पाहिजे. डेटाचे पैसे ग्राहकास वेगळे पडू नयेत अशीही तजवीज तीत होती. पण खेळ थोडे आले, जे आले ते इतर यंत्रांच्या मानाने फिके वाटले, आणि त्या किमतीत बाजारात जुनी परंतु बलवान यंत्रे मिळत होती. २०११ साली झीबोचा कारभार गुंडाळला गेला. भारतात तो आलाच नाही. ज्यांच्यासाठी तो आखला त्यांपैकी आपण एक होतो, आणि आपणांस त्याची वाट पाहण्यापलीकडे काही करावे लागले नाही, हे आपले सुदैव.

झीबो आल्यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेत पुन्हा तोच उत्साह उसळला. 'औया' नावाचे ९९ डॉलरांचे यंत्र. ते तयार होण्यापूर्वीच, २०१२ साली, ६३ हजारांहून अधिक लोकांनी त्यासाठी मिळून ८५ लाख डॉलरांहून अधिक रक्कम पुढे केली. कागदावरचे आकडे सुरेख होते, डबी तळहातावर मावणारी होती, आणि कोणीही आपला खेळ बनवून तीवर विकावा अशी मुभा होती. २०१३ च्या जूनमध्ये ती दुकानांत आली. दोन वर्षांत कंपनीचा कारभार दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि २५ जून २०१९ रोजी तिचे खेळांचे दुकान कायमचे बंद झाले. ज्या खेळांना चालू होण्यापूर्वी दूरच्या संगणकाला विचारावे लागे, ते पैसे देऊन घेतलेले असूनही मुके झाले. यंत्र शाबूत होते, वीज होती, टीव्ही होता. परवानगी देणारा मात्र उरला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, स्वस्त यंत्राची परीक्षा आम्ही येथून सुरू करू. कंपनीने उद्या दुकान बंद केले तर आपल्या हाती काय राहील? कॅसेट किंवा डिस्क असेल तर काहीतरी राहते. हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने 'देसी अड्डा' नावाचा खेळ प्लेस्टेशन २ साठी बनविला होता. त्यात कबड्डी होती, गिल्लीदांडा होता, पतंगांची काटाकाटीही होती. उत्तरायणाला ज्या शहराचे आकाश पतंगांनी झाकून जाते, त्या शहराला तो शोभून दिसला असता. प्लेस्टेशन २ या यंत्राचे उत्पादन कधीच थांबले आहे. परंतु ज्याच्या घरी ते यंत्र व ती डिस्क सुस्थितीत असेल, तो आज संध्याकाळीही तो पतंग उडवू शकतो. कोणाची परवानगी त्यास लागत नाही.

आता मोठ्या कंपन्यांच्या 'स्वस्त' यंत्रांकडे वळू. मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स सिरीज एस' १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतात ३४,९९० रुपयांस आले. सोनीचे 'प्लेस्टेशन ५' २०२१ साली दोन रूपांत आले: डिस्कची खाच असलेले ४९,९९० रुपयांस आणि खाच नसलेले ३९,९९० रुपयांस. दोहोंचे अंतःकरण एकच. दहा हजारांचे अंतर केवळ त्या खाचेचे. सिरीज एसलाही खाच नाही. वरवर पाहता दहा हजार वाचले. पण खाच नसलेल्या यंत्रात प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो, तोही नवा. वापरलेला स्वस्तात मिळत नाही, मित्राकडून आणता येत नाही, कंटाळा आल्यावर विकताही येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

त्यात डेटाचे पैसे निराळे. समजा एक खेळ ६० गिगाबाइटांचा आहे (याहून मोठे खेळही पुष्कळ आहेत), आणि घरी वायफाय नसून फोनचा रोज दीड गिगाबाइटांचा पॅक आहे. पाचवीतला विद्यार्थीही सांगेल की तो खेळ उतरवून घ्यावयास ४० दिवस लागतील, आणि तेही त्या ४० दिवसांत घरातील कोणी एकही व्हिडिओ पाहिला नाही तर. सिरीज एसमध्ये मूळची साठवण ५१२ गिगाबाइटांची; यंत्राच्या स्वतःच्या कामाचा भाग वजा जाता खेळांना सुमारे ३६४ उरतात. म्हणजे पाच-सहा मोठे खेळ झाले की सातव्यासाठी एक पुसावयाचा, आणि पुन्हा हवा झाला की पुन्हा ४० दिवस.

सिरीज एसविषयी आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. त्याच्या थोरल्या भावात, म्हणजे सिरीज एक्समध्ये, रॅम १६ गिगाबाइट आहे; याच्यात १०. आरंभी हा भेद केवळ चित्राच्या रेखीवपणात दिसेल, असे सांगितले गेले. पुढे २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा गाजलेला खेळ (तो प्रौढांसाठी आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे) इतर यंत्रांवर आला, आणि एक्सबॉक्सवर त्यास डिसेंबरपर्यंत उशीर झाला. कारण काय, तर एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळण्याची सोय त्या कमी स्मृतीच्या यंत्रावर नीट चालेना. अखेर सिरीज एससाठी ती सोय वगळूनच खेळ प्रसिद्ध करावा लागला; ती तेथे पोहोचली २०२५ साली. पाहा, जेव्हा काटकसर करावी लागली तेव्हा कात्री नेमकी कोठे बसली? दोघांनी एका टीव्हीसमोर बसून खेळण्यावर. ज्यांच्या घरात दोन टीव्ही आणि दोन यंत्रे आहेत त्यांस याचे काही वाटणार नाही. आमच्या घरांत भाऊ व बहीण एकाच चटईवर बसतात.

'थांबा, वर्षा-दोन वर्षांत स्वस्त होईल,' हा सल्ला पूर्वी बिनधोक होता. आज तोही तपासून द्यावा लागतो. अमेरिकेत २९९ डॉलरांना आलेले सिरीज एस २०२५ साली दोन वाढींनंतर ३९९ डॉलरांवर गेले. प्लेस्टेशन ५ चेही भाव त्याच वर्षी तेथे चढले. जुने होताना महाग होणारी वस्तू म्हणून आजवर आपण लोणचे आणि सोने एवढीच ओळखत होतो. तरीही आमचा सल्ला थांबण्याचाच आहे, परंतु निराळ्या कारणासाठी: पहिल्या वर्षात यंत्राची किंमत कळते, त्यावर कोणते खेळ येतात आणि दुरुस्ती कोठे होते हे दुसऱ्या वर्षी कळते. (सरकारची एक गंमत येथेच नोंदवून ठेवतो. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतचा टीव्ही आणि खेळयंत्र या दोहोंवरील जीएसटी एकाच निर्णयाने २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दोघांची जोडी सरकारलाही पटलेली दिसते.)

राहिली ती अगदी स्वस्त वस्तू, टीव्हीच्या मागे खोचावयाची 'गेम स्टिक'. डब्यावर दहा हजार खेळ असे छापलेले असते. ही युक्ती जुनी आहे. कॅसेटच्या काळी '९९९९ इन १' असे लिहिलेले असे आणि आत पाच-दहा खेळ नावे पालटून पुन्हा पुन्हा घातलेले असत. आजच्या स्टिकमध्ये खेळ खरोखरीच पुष्कळ असतात, पण ते बहुतांशी मूळ मालकास न विचारता भरलेले असतात. ही चोरी आहे, आणि शाळेच्या वार्षिकात तिची शिफारस आम्ही करणार नाही. व्यवहार म्हणूनही तिच्यात अर्थ थोडा. पुष्कळदा बिल मिळत नाही, हमी मिळत नाही, आणि आतील चिप अनेकदा काळ्या लाखेच्या थेंबाखाली गाडलेली असते. ती बिघडली की भागळपर्यंत जाऊनही कारागीर हात जोडतो.

मग घ्यावे तरी काय? आमचा कौल असा. यंत्र नवेच हवे हा हट्ट सोडावा. डिस्कची खाच असलेले मागील पिढीचे यंत्र, उदाहरणार्थ २०१३ साली निघालेले प्लेस्टेशन ४, विश्वासाच्या माणसाकडून, समोर तासभर चालवून पाहून घेतलेले असेल, तर ते आज येऊ घातलेल्या कोणत्याही बिनखाचेच्या नव्या डबीपेक्षा आमच्या वस्तीला अधिक उपयोगी आहे. कारण साधे आहे. डिस्क एका घरातून दुसऱ्या घरात जाते. एका इमारतीत चार घरी यंत्र असेल आणि प्रत्येकाने वर्षाला दोन डिस्का घेतल्या, तर प्रत्येक घरास आठ खेळ मिळतात. ग्रंथालय याच तत्त्वावर चालते, आणि आवासातील बायका भिशीही याच तत्त्वावर चालवितात.

ही सवलत मिळविण्यासाठी साऱ्या जगातील खेळाडूंना एकदा आवाज उठवावा लागला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या 'एक्सबॉक्स वन'वर डिस्क उसनी देण्यास व जुनी विकण्यास अनेक अटी घालण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास सोनीने एक चित्रफीत दाखविली. तिचा विषय: मित्रास खेळ कसा द्यावा. तीत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हाती डबा देतो आणि दुसरा धन्यवाद म्हणतो, चित्रफीत संपली. हसू इतके पिकले व ओरड इतकी झाली की त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या. पुढे मात्र त्याच दोन्ही कंपन्यांनी खाचच नसलेली यंत्रे स्वस्त म्हणून आणली. जे अटी घालून साधले नाही ते दहा हजारांची सूट देऊन साधले, असे आम्हांस वाटते. कोणी म्हणेल, आजकाल डिस्क असली तरी नेटवरून दुरुस्त्या उतरवून घ्याव्याच लागतात. खरे आहे, काही खेळांच्या दुरुस्त्या मूळ खेळाएवढ्या भारी असतात. म्हणून डिस्क घेण्यापूर्वी तो खेळ नेटवाचून चालतो की नाही हे विचारावे. ज्याच्याकडे तो आहे अशा मुलास विचारावे, दुकानदारास नव्हे.

येत्या दिवाळीला पुन्हा एखादे नाव पटांगणावर घुमू लागेल. त्या वेळी प्रोसेसरचा आकडा पाठ करणाऱ्या मित्रांस आमची विनंती आहे की त्यांनी तीन गोष्टी आणखी विचारून याव्यात: खेळ उसना देता येतो काय, नेट नसताना यंत्र चालते काय, आणि दुसऱ्या रिमोटची किंमत किती. हा तिसरा प्रश्न जाहिरात वाचणारा सहसा विसरतो. डब्यात रिमोट बहुधा एकच येतो, आणि धाकटी बहीण पहिल्याच संध्याकाळी दुसरा मागते.